तालमीच्या मातीनं खाल्लेल्या तीस गोळ्या

मानसिंग वस्तादांनी त्या तीस गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, तेव्हा त्यांचा फायदा काय काय होता ते आधी मोजते. नायट्यानं खाजवत कट्ट्यावर बसलेली आठ पोरं परत हौद्यात उतरणार होती, हा पहिला. पलीकडच्या पेठेतली तालीम आम्हांला ‘खाजरी तालीम’ म्हणून चिडवत होती, तिचं तोंड बंद होणार होतं, हा दुसरा. नागपंचमीच्या कुस्त्या आमच्याच हौद्यात होणार होत्या, हा तिसरा. आणि चौथा फायदा वस्तादांनी कुणाला सांगितला नाही, पण मला तो ठाऊक होता. ‘माती कुणाला बाधत नाही’ असं ते पंचवीस वर्षं सांगत आले होते. ते खरं ठरणार होतं. एवढ्या फायद्यासाठी वस्तादांनी पदरचं काय घातलं? एक मडकं ताक आणि थोडी हळद. गोळ्या दुसऱ्याच्या होत्या.

मित्रांनो, ज्या मातीत त्या मिसळल्या, ती माती मी. सोलापुरातल्या एका जुन्या तालमीच्या हौद्यात मी अर्धं आयुष्य काढलं. हौदा म्हणजे पैलवान जिथं कुस्ती खेळतात तो मातीचा खड्डा. आता मी त्याच तालमीच्या मागच्या मोकळ्या जागेत ढीग होऊन पडले आहे. कोंबड्या मला उकरतात आणि काही सापडलं नाही की निघून जातात.

जन्मानं मी कुणी मोठी नव्हे. वळसंगच्या पुढच्या एका माळावर मी पडून होते. माझ्यावर धड कुसळही उगवत नसे. एका उन्हाळ्यात चार बैलगाड्या आल्या आणि मला भरून शहरात घेऊन गेल्या. तालमीच्या अंगणात मला वाळवलं, तीनदा चाळलं, एक खडा राहू दिला नाही. मग मला खायला घातलं. हसू नका. पैलवानांच्या मातीला खरोखरच खायला घालतात. हळद, तिळाचं तेल, लिंबाचा रस, कापूर आणि वरून मडकंभर ताक. दर थोड्या दिवसांनी हा खुराक मला मिळायचा. माझा रंग पिकला, अंग लोण्यासारखं झालं. उंचावरून आपटलेल्या पोराचीही पाठ सोलवटत नसे.

मग कौतुक सुरू झालं. हौद्यात उतरताना प्रत्येक जण मला चिमूटभर उचलून कपाळाला लावायचा. आजारी लेकराच्या अंगाला लावायला म्हणून बायका दारातूनच मूठभर माती मागून न्यायच्या. बायका तालमीत येत नसत, उंबऱ्याबाहेर पदर पसरून उभ्या राहत. इतकं कौतुक पचवणं अवघड असतं. माझ्या हातून कुणाचं वाईट होणारच नाही, असं मलाही वाटू लागलं. वस्तादांना तर ते माझ्याही आधीपासून वाटत होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात तालमीचे पत्रे एका कोपऱ्यात गळू लागले. त्या कोपऱ्यात मी वाळेनाशी झाले. त्याच दिवसांत गुंडा गावाहून परत आला. गुंडा म्हणजे आमच्या तालमीतला सगळ्यांत तोंडाळ पैलवान. कुस्तीत हरला तरी गप्पांत जिंकायचा. त्याच्या मांडीवर रुपयाएवढा एक चट्टा होता. कडेनं लाल, मधे फिका. तो पहिल्या दिवशी माझ्यात लोळला, तेव्हा त्या चट्ट्यावरून कोंड्यासारखं काहीतरी माझ्यात गळून पडलं.

मातीला हात नसतात. अंगावर पडलेलं मला झटकता येत नाही. बी पडो, घाम पडो, नाहीतर असलं काही पडो, मी सगळं सांभाळून ठेवते. मी तेही सांभाळलं. ओल्या कोपऱ्यात ते बरेच दिवस निवांत राहिलं.

आमच्या तालमीत लंगोट एकाच दोरीवर वाळत. ज्याच्या हाताला जो लागेल, तो त्यानं बांधायचा. त्यात भेदभाव नव्हता आणि त्याचाच सगळ्यांना अभिमान होता. पंधरा दिवसांत चट्टे चौघांच्या अंगावर गेले, महिन्यात आठ जणांच्या.

“वस्ताद, माज्या मांडीवरच्या पदकाला पिलं झाली,” गुंडा म्हणाला.

“हळद लाव. माती चोळ अंगाला,” वस्ताद म्हणाले. “चार दिसांत जातंय का न्हाय बघ.”

पोरांनी मला अंगाला चोळलं. जिथं चोळलं तिथं नवे चट्टे उठले. ते पाहताना मला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली.

नववा जोतीराम. मोडनिंबजवळच्या एका खेड्यातला हा पोरगा तीन वर्षं तालमीतच राहत होता. बोलायला कमी, अंगानं भरलेला. पोलीसभरतीत तो पळण्यात आणि छातीच्या मापात पास झाला होता. राहिली होती फक्त डॉक्टरी तपासणी, सात आठवड्यांनी. त्याच्या वयाचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या भरतीला त्याचं नाव कागदावर चढणार नव्हतं. अंगावर कातडीचा रोग दिसला की तपासणीत बाद करतात, हे तालमीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कमरेवर चट्टा दिसला त्याच आठवड्यात तो वस्तादांना न विचारता गुरुबसप्पा डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला.

गुरुबसप्पा डॉक्टर लहानपणी आमच्याच तालमीत येत. कुस्ती जमली नाही म्हणून डॉक्टर झालो, असं तेच सांगायचे. संध्याकाळी ते स्वतः तालमीत आले. चपला काढल्या, मारुतीला नमस्कार केला आणि हौद्याच्या काठावर येऊन थांबले. मला त्यांनी कपाळाला लावलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

“वस्ताद, माती बदला की,” ते म्हणाले.

“का? काय झालंय मातीला?”

“पोरांना झालंय ते आधी बघा. बुरशी आहे ही. शिळ्या भाकरीवर येते ना, त्याच जातीची. कातडीत घर करून राहते.”

“पंचवीस वर्सं ह्या मातीत लोळतोय मी, डॉक्टर. माज्या अंगावर एक डाग दावा.”

“तुमच्या अंगावर बसायला ती पण भीत असेल.”

पोरं हसली. वस्ताद हसले नाहीत.

डॉक्टरांनी खिशातून तपकिरी काचेची बाटली काढली आणि जोतीरामच्या हातात दिली. “बेचाळीस आहेत. रोज एक, जेवणावर, दुधातुपाबरोबर. पोटात स्निग्ध असलं तरच ही गोळी नीट अंगी लागते. तुम्हा पैलवानांना ते सांगायला नको. आता नीट ऐक. खाज आठवड्यात थांबेल. चट्टा पंधरा दिवसांत दिसायचा बंद होईल. तरी गोळी थांबवायची नाही. औषध रक्तातून खालच्या नव्या कातडीत भरतं. ती नवी कातडी वर येईपर्यंत जुनीत बुरशी जिवंत असते. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. तोवर ह्या हौद्यात पाय टाकायचा नाही. लंगोट वेगळा ठेव, रोज उकळ, उन्हात वाळव.”

“व्हय,” जोतीराम म्हणाला.

“आणि ह्या गोळ्या तुझं वजन बघून, तुला तपासून दिल्यात. कुणाला वाटायच्या नाहीत. बाकीच्यांनी दवाखान्यात यावं. प्रत्येकाला बघीन, प्रत्येकाला चिठ्ठी लिहीन.”

आठ पोरांपैकी एकही गेलं नाही. वस्तादांनी डॉक्टरांना चहा विचारला नव्हता. पोरांना तेवढ्यावरून कळलं.

जोतीरामनं बाटली मारुतीच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवली. संध्याकाळी जेवला की एक गोळी काढायचा, तुपाचा घास आणि वर दुधाचा पेला. तूप त्याची आई सोनाबाई आणायची. दर सोमवारी ती यष्टीनं मोडनिंबाहून यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि तुपाचा डबा आत द्यायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण मोजणी पक्की होती.

“किती ऱ्हायल्या?”

“सदतीस.”

“बुधवारपास्नं पाच. बराबर.” एवढं म्हणून ती परत फिरायची.

बाराव्या दिवशी जोतीरामच्या कमरेवर नुसती फिकट खूण उरली. खाज तर केव्हाच थांबली होती. इतर पोरं जोर मारत, हा कट्ट्यावर बसून पाहत असे. आठ जण खाजवत बसलेले आणि हा एकटा दूध पिऊन बरा होत असलेला. कुणी काही बोललं नाही तरी त्याला मान वर करवत नव्हती.

नागपंचमीला पाच दिवस राहिले होते. तीन तालमींना निमंत्रणं गेली होती. वस्तादांनी कोनाड्यातली बाटली उचलली आणि कानाशी हलवून पाहिली.

“जोत्या, खाज हाय का आता?”

“न्हाय, वस्ताद.”

“चट्टा?”

“गेल्यागत हाय.”

“मग हिच्यात किती ऱ्हायल्यात?”

“तीस.”

“तू बरा झालास. तीस गोळ्या बाटलीत बसून काय करत्यात? हितं आठ पोरं खाजवत्यात.”

“डॉक्टर म्हनलं, कुणाला वाटायच्या न्हाईत.”

“वाटतोय कोन? माती खाईल. मातीतनं सगळ्यांच्या अंगाला मिळंल. कुणाला कमी न्हाय, कुणाला जास्ती न्हाय.”

वस्तादांना ‘नाही’ म्हणण्याची आमच्या तालमीत कुणाला सवय नव्हती. मी खाली होते, मला त्याचे पाय दिसत होते. त्याच्या टाचा दोनदा मागे सरकल्या आणि दोन्ही वेळा परत जागेवर आल्या.

“घ्या, वस्ताद,” तो म्हणाला.

गुंडाला गप्प बसवलं नाही. “वस्ताद, मातीला गोळी पचंल. पर डॉक्टर म्हनलं दुधातुपाबरोबर घ्यायची. मातीला तूप कोन पाजनार?”

तो चेष्टा करत होता. वस्तादांना ती चेष्टा वाटली नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “खरं हाय. जोत्या, तुपाचा डबा आण.”

खलबत्ता आला. तीस गोळ्यांची पांढरी भुकटी झाली. ती ताकात कालवली, हळद घातली, वरून सोनाबाईचं तूप पातळ करून ओतलं आणि फावड्यानं मला खालीवर करून सगळं मिसळलं. वस्तादांनी कापूर लावला, नारळ फोडला. इतका भारी खुराक मला जन्मात मिळाला नव्हता. आणि मला कळत होतं की ह्याचा कुणालाही काडीचा उपयोग नाही. ते औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून कातडीत जायचं होतं. मला पोट नाही, रक्त नाही. माझ्यात ते खडूच्या भुकटीसारखं पडून राहिलं. कोपऱ्यात जे निवांत बसलेलं होतं, ते मात्र फावड्यानं सगळ्या हौद्यात पसरलं. ताकाची ओल होती, तुपाचा ओशटपणा होता, श्रावणातली ऊब होती.

“पयला तू उतर, जोत्या,” वस्ताद म्हणाले. “तुज्या दवेनं माती निर्मळ झाली.”

जोतीराम उतरला. वाकून त्यानं मला उचललं आणि कपाळाला लावलं. मी त्याला चिकटले. दुसरं मला काही येत नव्हतं.

पुढच्या सोमवारी सोनाबाई आली. जोतीरामनं डबा परत दिला. तिनं झाकण काढून पाहिलं.

“एवढं तूप आठ दिसांत? आन गोळ्या किती ऱ्हायल्या?”

गुंडानं सांगितलं. सांगताना त्यालाही विनोद सुचला नाही.

सोनाबाई उंबऱ्याला चिकटून उभी राहिली. “वस्ताद, एक इचारू?”

“इचारा की, सोनाबाई.”

“तुमी भाकरी खाता का अंगाला चोळता?”

“बाई, मातीचा इषय हाय. तुमाला न्हाय कळायचा.”

“मला मातीचंच तेवढं कळतंय, वस्ताद. जलम तिच्यात गेला. एकाचं औषध दुसऱ्याला न्हेऊन द्यायला ती पोस्टमन न्हाय.” मग ती लेकाकडे वळली. “चल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं.”

“आई, अंग साफ हाय की. बघ तू.” त्यानं सदरा वर करून दाखवलं. कमर खरंच स्वच्छ दिसत होती. “आन डॉक्टरला काय सांगू? गोळ्या मातीला चारल्या म्हनून?”

मित्रांनो, तो दिवस अजून हातात होता. त्या दिवशी तो गेला असता तर डॉक्टर रागावले असते, दोन शब्द लागट बोलले असते आणि दुसरी बाटली देऊन मोकळे झाले असते. तपासणीला अजून चार आठवडे होते. पण रागावून घेण्यापेक्षा बरं झालोय असं मानणं सोपं होतं. वस्तादांसमोर दवाखान्याची वाट धरणं तर त्याहून अवघड होतं. सोनाबाई रिकामा डबा घेऊन यष्टीला गेली. जाताना ती दोनदा मागे वळली.

नागपंचमीला हौद्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. तीन तालमींचे पैलवान माझ्यात लोळले. पलीकडच्या पेठेतलेही आले होते. हलगी वाजत होती, फेटे उडत होते, वस्ताद छाती काढून उभे होते. मी एकेकाच्या पाठीला, मानेला, कानामागे लागत होते. इतकी माणसं आनंदात माझ्याकडून काय घेऊन चालली आहेत, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं.

अठरा-वीस दिवस गेले. आठांचे सतरा झाले. जोतीरामचा चट्टा कमरेवर परत आला, आणि ह्या वेळी एकटा आला नाही. पाठीवर, मानेवर, काखेत. तपासणीला चार दिवस उरले, तेव्हा तो डॉक्टरांकडे पळाला. परत येऊन कट्ट्यावर बसला. हातात नवी बाटली होती.

“काय म्हनलं डॉक्टर?” गुंडानं विचारलं.

“सगळं ऐकलं. रागावलं न्हाईत.” त्यानं बाटली शेजारी ठेवली. “म्हनलं, सहा आठवड्यांचं काम चार दिसांत कसं व्हईल, जोतीराम?”

तपासणीच्या दिवशी तो पहाटेच आंघोळ करून गेला आणि दुपारी परत आला. सदरा तसाच अंगात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. वस्ताद आत होते. त्यांनी बाहेर येऊन विचारलं नाही. गुंडानंच विचारलं.

“सदरा काड म्हनलं. काडला,” जोतीराम म्हणाला. “पेन्सिलीनं दावलं. एक, दोन, तीन. सगळं मोजलं बी न्हाई. कागदावर लिवलं आन म्हनलं, पुढचा कोन?”

त्यानं ती दुसरी बाटली मात्र शेवटच्या गोळीपर्यंत संपवली. लंगोट वेगळा ठेवला, रोज उकळला. सोनाबाई दर सोमवारी येऊन मोजत होती. गुंडा आणि बाकीची पोरंही आता एकेक करून गुपचूप दवाखान्यात गेली, प्रत्येकानं आपापली चिठ्ठी आणली. सहा आठवड्यांनी जोतीरामच्या अंगावर शोधूनही खूण सापडत नव्हती. त्या दिवशी त्यानं पत्र्याची ट्रंक उचलली, वस्तादांच्या पाया पडला आणि गावाला गेला. वस्ताद त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण हात मधेच थांबला. आता तो मोडनिंबच्या रस्त्यावर ट्रकांना ताडपत्र्या बांधतो, असं गुंडा कधीतरी सांगायचा.

वस्तादांनी मला हौद्यातून काढलं. गडी लावला नाही, फावडं स्वतः मारलं. तीन दिवस लागले. माझी शेवटची पाटी इथं रिकामी करताना त्यांनी सवयीनं चिमूट उचलली, कपाळापर्यंत नेली आणि झटकून टाकली. माती कुणाला बाधत नाही, हे वाक्य त्यानंतर तालमीतून मला कधी ऐकू आलं नाही.

मित्रांनो, तुमच्यातली काही पोरं ह्या ढिगावर खेळायला येतात. खेळा, पण घरी जाताना हातपाय साबणानं धुवा आणि कोरडे करा. अंगावर गोल चट्टा दिसला तर लपवू नका, दुसऱ्याचा टॉवेल घेऊ नका. डॉक्टरांनी ज्याच्या नावानं चिठ्ठी लिहिली, औषध त्यानंच घ्यायचं, आणि खाज गेली तरी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यायचं. कुणी कितीही मोठ्या माणसानं बाटली मागितली, तरी एकदा ‘नाही’ म्हणून बघा. ते ऐकायला मला इतक्या वर्षांत मिळालं नाही.

आता कुणी किती भरलं ते सांगते आणि थांबते. वस्तादांनी माती दिली. महिन्याभरात त्यांना दुसरी मिळाली. गुंडानं आणि बाकीच्या पोरांनी सहा-सहा आठवडे दिले. त्यांची अंगं साफ झाली. पलीकडच्या पेठेनं चिडवायचा हक्क दिला, कारण आता तेही खाजवत होते. मी हौदा दिला. सोनाबाईनं डबाभर तूप दिलं आणि सोमवार किती दिले ते तिलाच माहीत. आणि जोतीराम पूर्ण बरा झाला त्या दिवशी, भरतीत त्याच्याबरोबर पळालेली पोरं खाकी घालून मैदानावर कवायत करत होती.